लहानपणीचा छंद परत धरायचाय? आधी किल्ल्यातलं तुमच्या वाटणीचं काम आठवा

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी आमच्याकडं दिवाळीच्या किल्ल्याची माती यायची. आम्ही साताऱ्याचे, मान वर केली की अजिंक्यतारा दिसणार, त्यामुळं किल्ला कसा असतो हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. दोन सख्खे भाऊ, एक चुलतभाऊ, शेजारची तीन पोरं आणि त्यात मी एकटी मुलगी. विटा रचणं, पोती भिजवून टाकणं, चिखल थापणं हे मोठ्या पोरांचं काम. मावळे मांडायचा हक्क धाकट्या भावाचा, त्यात कुणी हात घातला की रडारड. माझ्या वाटणीला आलं पाणी. म्हणजे तळं, विहीर आणि कारंजं.

कारंजं ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेलच. दवाखान्यातून सलाईनची नळी मागून आणायची, एक टोक वर खिडकीत ठेवलेल्या बादलीत, दुसरं किल्ल्याच्या पोटातून काढून तळ्यात, आणि तोंडाला रिकामी रिफील, तिचा छर्रा काढलेली. तोंडानं हवा ओढली की पाणी सुटायचं. बादली जेवढी उंच तेवढं कारंजं उंच, हे मला पाचवीत कळलं होतं, शाळेत शिकवलं आठवीत. दिवाळीचे चारही दिवस मी त्या बादलीपाशी असायचे.

मग दहावी बारावी, कॉमर्स, पुण्यात अकाउंट्सची नोकरी, लग्न, मुलगी. सगळं चांगलं चाललेलं, तक्रार काही नव्हती. पण मुलगी हॉस्टेलला गेली आणि रविवारची संध्याकाळ अंगावर यायला लागली, म्हणजे सगळी कामं झालीयत, उद्याचा डबा काय करायचा तेही ठरलंय आणि तरी असं वाटायचं की आपण इथं नक्की कशासाठी आहोत. तेव्हा मी ४३ची होते. हे बऱ्याच जणांना होतं, विशेष करून चाळिशीनंतर, आणि सगळे एकच सल्ला देतात, एखादा छंद लाव. मी लावले. चित्रकलेचा क्लास झाला, हार्मोनियम झाली, मातीच्या भांड्यांचं वर्कशॉप झालं. प्रत्येक गोष्ट दोन महिन्यांत सुटली आणि सुटली की आधीपेक्षा जास्त वाईट वाटायचं.

एकदा फोनवर आईला सांगत होते की चित्रकला पण जमेना, तर आई म्हणाली, अगं तुला चित्रांचं कधी काय होतं, तू आपली दिवसभर त्या बादलीपाशी, जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. पुढची तीन वर्षं मी जे काही केलं ते त्या बादलीपासून निघालं, आणि आता चार मैत्रिणींनी विचारलं की तू नक्की कसं केलंस म्हणून नीट लिहून काढतेय. माझं उदाहरण किल्ल्याचं आहे पण पद्धत कुठल्याही गोष्टीला लागू पडेल असं मला मनापासून वाटतं.

छंदाचं नाव बाजूला ठेवा

आपण आठवताना म्हणतो की मला लहानपणी क्रिकेट आवडायचं, चित्रं आवडायची, किल्ला आवडायचा. एवढ्यानं काही हाती लागत नाही. एकाच किल्ल्यावर आम्ही सात जण होतो आणि सात जणांना सात वेगळ्या गोष्टी आवडायच्या. चुलतभावाला चिखलाशी मतलब, तट सरळ आला पाहिजे, बुरूज गोल आला पाहिजे. धाकट्याला मावळ्यांची गोष्ट रचायची असायची, कोण कुठून चढतोय, कोण पहाऱ्यावर झोपलाय. शेजारचा एकजण फक्त बघायला आलेल्या लोकांना माहिती सांगायचा, हा महादरवाजा, ही सदर, काठी घेऊन अगदी गाईडसारखा, मातीला हात लावायचा नाही. एकजण घरोघरी फिरून दुसऱ्यांचे किल्ले बघून यायचा आणि कुणाचा कसा झालाय ते येऊन सांगायचा. आता या सगळ्यांना मोठेपणी “तुला किल्ले आवडायचे ना, चल ट्रेकला” म्हणून नेलं तर निम्म्यांना कंटाळा येईल, आणि त्यांना वाटेल की आपली आवडच संपली. आवड असतेच, आपण तिला भलत्या जागी शोधत असतो.

म्हणून पहिलं काम, एक साधी वही घ्या आणि त्या खेळात तुम्ही हातानं काय करायचात ते लिहा. बॅटिंग करायचात का स्कोअर लिहायचात? भातुकलीत स्वयंपाक करायचात का बोळकी ओळीनं लावायचात का पाहुणे बोलवायचात? गणपतीच्या डेकोरेशनला कात्री तुमच्या हातात असायची का वायरी? नाम लिहू नका, क्रियापद लिहा. मोजायचे, जोडायचे, सांगायचे, लपवायचे, वाढवायचे, दुरुस्त करायचे. माझ्या वहीत शेवटी एवढंच उरलं, पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे आणि ते टिकतंय का बघत बसायचे.

आपल्याला आपलं नीट आठवत नाही, हे आधी मान्य करा. आपण स्वतःबद्दल जी गोष्ट सांगत आलेलो असतो तीच आठवते. त्यामुळं विचारा. आईला, आत्याला, मोठ्या भावाला, जुन्या शेजाऱ्यांना. विचारताना “मला काय आवडायचं” असं विचारू नका, मग ते म्हणतील तू फार हुशार होतीस. असं विचारा की मी कुठं सापडायचे, मला कशावरून ओरडा बसायचा, जेवायला यायला उशीर कशामुळं व्हायचा. ओरडा कशावरून बसायचा हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे कारण ओरडा खाऊनसुद्धा जे केलं ते आपलं होतं. घरी माळा असेल तर माळ्यावर चढा, जुनी ट्रंक उघडा, शाळेच्या वह्यांची मागची पानं बघा, पुढच्या पानांवर बाईंनी सांगितलेलं असतं आणि मागच्या पानांवर आपण असतो.

आणि एक चाळणी लावा. सांगून केलेलं आणि न सांगता केलेलं वेगळं काढा. माझ्याकडं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही चित्रकला परीक्षांची सर्टिफिकेटं आहेत, दोन्हीत ग्रेड चांगली, त्यामुळं मी स्वतःला चित्रकलेवाली समजत होते आणि क्लासची फी भरून आले. पण खरं सांगायचं तर ती परीक्षा वर्गातल्या सगळ्याच मुली देत होत्या म्हणून मी दिली, परीक्षा झाल्यावर मी एकदाही आपणहून रंगाची डबी उघडली नाही. बक्षीस मिळालेली गोष्ट आपली आवड असेलच असं नाही. कधी कधी उलटंच असतं, बक्षिसानंच ती गोष्ट आपल्याकडून काढून घेतलेली असते, गाण्याच्या परीक्षा देऊन देऊन गाणं नकोसं झालेली माणसं माझ्या माहितीत आहेत. तसं असेल तर घाई करू नका, परीक्षेच्या आधीचं काय होतं तिथपर्यंत मागं जा.

आधी हात मातीत घाला, विचार नंतर

क्रियापद सापडलं की लगेच क्लास शोधू नका, ग्रुप जॉइन करू नका, महागडं सामान घेऊ नका. लहानपणी जे केलं तेच, तसंच, एकदा परत करा. मी त्या वर्षी दिवाळीला फ्लॅटच्या गॅलरीत किल्ला केला. मुलगी सुट्टीला आलेली, तिनं आधी विचित्र नजरेनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मांडी घालून बसली.

गॅलरीतला किल्ला करायचा असेल तर खाली जाड प्लॅस्टिक अंथरा नाहीतर सोसायटीतलं ड्रेनेज तुंबेल आणि सगळा उत्साह जाईल. चार पाच विटा किंवा जुने खोके, त्यावर पोतं चिखलात बुडवून घाला, पोत्याच्या सुरकुत्यांमुळं कडे आपोआप दिसतात. माती चाळून घ्या, वरचा थर पातळ चिखलाचा. तळ्यासाठी वाडगा पुरून कडेनं माती ओढा, नुसत्या मातीत पाणी टिकत नाही. अळीव पेरायचे तर माती ओली असतानाच टाका, दोन तीन दिवसांत कोंब येतात, मोहरीला एखाद दिवस जास्त लागतो, धने टाकू नका, ते उगवेपर्यंत तुळशीचं लग्न येईल. मावळे पुण्यात कुंभारवाड्यात मिळतात, बाकी गावांतही दिवाळीच्या आधी बाजारात येतातच. कारंज्यासाठी आता दवाखान्यातली नळी आणू नका, फिश टँकवाल्याकडं पारदर्शक नळी मिळते, स्वच्छ असते. बादली किल्ल्यापेक्षा कमीत कमी तीन साडेतीन फूट वर पाहिजे. पाणी बादलीच्या पातळीपर्यंत कधीच चढत नाही, नळीत घासून थोडं कमीच पडतं, त्यामुळं तोंड जितकं बारीक तितकी धार उंच दिसते पण अगदीच बारीक केलं तर कचरा अडकतो, फडकं बांधून पाणी गाळून घ्या.

कारंजं सुरू झालं तेव्हा मला रडू आलं. नवरा घाबरला. मला तेव्हा सांगता आलं नाही पण तीस वर्षांनी हातांना एखादी गोष्ट आठवते, डोक्याच्या आधी हात पुढं जातात, तर माणूस हलतोच आतून.

बाहेरगावी असाल, माती मिळत नसेल, तरी करा. बंगलोरला राहणारी माझी मैत्रीण ट्रेमध्ये करते, परदेशातली मंडळी पुठ्ठ्याचा आणि कागदाच्या लगद्याचा करतात. तुमचं क्रियापद वेगळं असेल तर तुमचा किल्ला वेगळा. स्कोअर लिहिणारे असाल तर खालच्या ग्राउंडवर पोरांची मॅच चालली असताना वही घेऊन बसा. एक आख्खा दिवस द्या त्याला. आणि संपल्यावर एवढंच बघा की वेळ कसा गेला. घड्याळ बघितलं का मधे? मोबाईल हातात घेतला का? नसेल घेतला तर तुम्ही बरोबर जागी आहात.

मग खऱ्या जागी जा, आणि एकाच जागी परत परत जा

खेळणं करून झाल्यावर पुढची पायरी, त्या खेळण्यामागची खरी गोष्ट कुठं आहे तिथं जायचं. मी सिंहगडावर गेले. पुण्यातल्या प्रत्येकानं सिंहगड केलेला असतो, मीही आठ दहा वेळा गेलेले, पिठलं भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन आलेले. यावेळी ठरवून गेले की फक्त पाणी बघायचं. देवटाक्यापाशी, म्हणजे गडावरच्या खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी, तासभर बसले. इतक्या वेळा येऊन मी ते टाकं कधी बघितलंच नव्हतं, म्हणजे डोळ्यांसमोरून गेलं असेल पण बघितलं नव्हतं.

तिथून सुरू झालं. हे पाणी इथं कसं थांबलं, खडकात एवढा खड्डा कुणी आणि कशानं काढला, काढलेला दगड कुठं गेला? हळूहळू कळत गेलं. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे, थरावर थर, मधे कुठं कुठं लाल मातकट पट्टा दिसतो. खडक एकसंध असेल तिथं पाणी धरून राहतं आणि भेगा असतील तिथून जातं, म्हणून टाकं कुठं खोदायचं हे ठरवायला माणूस जाणकारच लागणार. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा, म्हणजे एका कामात दोन कामं. काही टाक्यांत आत खांब सोडलेले असतात, वरचं छत तसंच राहतं, ऊन लागत नाही, पाणी उडून जात नाही, ही खांबटाकी. रामचंद्रपंत अमात्य हे मराठी राज्याचे जुने मंत्री, राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या त्यांच्या आज्ञापत्रात तर स्पष्ट सांगितलंय की आधी पाणी बघा मग गड बांधा, आणि झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात, म्हणून टाकी तळी खोदून ठेवा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर आहे हा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा असं वाटलं की बादलीपाशी बसणारं माझ्याआधी पण कुणीतरी होतं.

माझा आग्रह आहे की दहा ठिकाणं करू नका. लोक लिस्ट करतात, या वर्षी पंचवीस किल्ले, फोटो, झालं. ती वेगळी गंमत आहे, वाईट नाही, पण त्यातून आपल्याला जे पाहिजे ते मिळत नाही. मी राजगड धरला. वर्षभरात सहा वेळा गेले, बहुतेक वेळा पाली दरवाज्यानं, त्या बाजूला पायऱ्या आहेत, माझ्या गुडघ्यांना बऱ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंदी केलेले भाग, आणि वर बालेकिल्ला, एवढ्या पसरलेल्या गडाला पाणी कसं पुरवलं असेल हा एकच प्रश्न घेऊन. पद्मावती तलाव खाली, बालेकिल्ल्यावर चंद्रतळं, संजीवनीच्या कडेनं टाकी. तेच टाकं नोव्हेंबरात काठोकाठ, फेब्रुवारीत हिरवं, मे महिन्यात तळाला चिखल. एकदा जाऊन हे कधीच दिसलं नसतं.

इथं माझी नोकरी कामाला आली, आणि हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याला वाटतं की आवड एका बाजूला आणि पोटापाण्याचं काम दुसऱ्या बाजूला. मी अकाउंट्सची बाई, मला ताळा लागल्याशिवाय झोप येत नाही. टेप घेऊन जायला लागले. समजा टाकं ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल, तर ७२ घनमीटर, म्हणजे ७२,००० लिटर. गडावर १०० माणसं आणि माणशी पिण्या-शिजवण्याला ५ लिटर धरलं तर दिवसाला ५०० लिटर, म्हणजे १४४ दिवस. पण पावसाळा संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत आठ महिने, २४० दिवस काढायचेत, आणि वर उन्हानं उडालेलं, गुरांना लागलेलं वेगळं. म्हणजे एका टाक्यात भागत नाही. म्हणजे दुसरं टाकं जवळपास असलंच पाहिजे, शोधा. असं करत मी झाडीत बुजलेलं एक टाकं शोधलं, गावातल्या मामांना ते आधीपासून माहीत होतं अर्थात, पण मला हिशोबानं सापडलं याचा आनंद मी शब्दात सांगू शकत नाही.

तुमच्या रोजच्या कामातलं कौशल्य लहानपणीच्या क्रियापदाला कुठं जोडलं जातं तिथं नीट लक्ष द्या. तुम्ही नर्स असाल, शिक्षक असाल, एसटीत असाल, कोडिंग करत असाल, वीस वर्षांत जे शिकलात ते त्या लहान मुलाकडं नव्हतं. ते घेऊन परत जायचंय, पुन्हा लहान व्हायचं नाहीये.

सुरक्षिततेचं दोन ओळीत सांगते. भर पावसात नवख्यांनी जाऊ नका, टाक्याच्या काठाला शेवाळ असतं, आत उतरू नका, पोहू नका, खोली दिसते त्यापेक्षा जास्त असते. एकट्यानं जात असाल तर खालच्या गावात सांगून वर जा.

ज्यांना डोंगर जमत नाही त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कुठली म्हणून विचारायला ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, गेले होते, ही गोष्ट आपल्याला माहीत असते. पुढचं कमी माहीत असतं. मधली काही वर्षं ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेली, मग म्युझियममध्ये नोकरी, मग जर्मनीत शिकून १९३० साली परत आले तर ती नोकरीच राहिली नव्हती. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची घरटी होती ती रोज बघत बसले. त्या सुगरणींच्या अभ्यासानं त्यांचं नाव झालं. घराजवळ काय आहे ते बघा एवढंच म्हणायचंय मला. तुमच्या पेठेतला हौद, गावातली बारव, सोसायटीमागचा ओढा.

अभ्यास मागून येतो, आणि उपयोग त्याच्याही मागून

आधीच पुस्तकांचा ढीग आणू नका. प्रश्न पडला की मग वाचा, तेव्हा वाचलेलं चिकटतं. मला राजगडाची पाण्याची व्यवस्था कागदात कुठं येते हे बघायचं होतं, मग कळलं की जुने कागद मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत. मोडीचे वर्ग पुण्यात, मुंबईत, बऱ्याच शहरांत चालतात, ऑनलाइनही असतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात आहे हे मी इतकी वर्षं पुण्यात राहून फक्त नावानं ऐकलेलं, आत पाऊल टाकलं ते ४५व्या वर्षी. मोडी अवघड वाटते कारण शब्दांत जागा सोडलेली नसते, आधी ओळ मारून घेऊन तिला लटकवत हात न उचलता लिहीत जायचं, ऱ्हस्व दीर्घाचा भेद नाही. मला अक्षरं ओळखायला दोन महिने लागले आणि अजून जुनं वळण वाचताना अडखळते. पण वर्गात सत्तरीचे एक काका आणि कॉलेजचा एक मुलगा शेजारी बसून एकाच शब्दावर वाद घालत असतात आणि आपणही त्यात असतो, हे रविवारच्या संध्याकाळचं औषध आहे, मी अनुभवानं सांगते.

नकाशे हा असाच दुसरा रस्ता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५०,००० च्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतरानं. चिखल थापणाऱ्या माझ्या चुलतभावाला मी हे नकाशे दाखवले, तो आता पुठ्ठ्याचे थर कापून गडांची मॉडेल करतो, गावातल्या शाळेत ठेवतो. बुरूज गोल आला पाहिजे हे अजून तसंच आहे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर “सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर” असं कोरलेलं आहे ना, ज्यांनी गड बांधून काढला ते, त्यापाशी तो उभा राहिला तेव्हा बराच वेळ बोलला नाही.

आता उद्देशाबद्दल. मला विचाराल तर आपल्याला जे “पर्पज” वगैरे पाहिजे असतं ते आवडीत एकट्यानं रमून पूर्ण मिळत नाही, आपलं करणं दुसऱ्या कुणाला तरी लागायला लागतं तेव्हा मिळतं. पण ही पायरी घाईनं घेऊ नका, निदान एक वर्ष स्वतःसाठी करा. माझ्या वहीत टाक्यांची मापं साठली, कुठल्या महिन्यात किती पाणी ते साठलं, आणि मग संवर्धनाचं काम करणाऱ्या एका गटानं ती वही मागितली, कुठल्या टाक्यातला गाळ आधी काढायचा ते ठरवायला. त्या दिवशी मला माझ्या कुठल्याही प्रमोशनपेक्षा जास्त समाधान मिळालं.

आणि इथं कळकळीनं एक सांगायचंय. उत्साहात फावडं घेऊन गडावर जाऊ नका. काही गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं आहेत, रायगड, शिवनेरी, लोहगड वगैरे, काही राज्याच्या खात्याकडं, राजगड, साल्हेर. संरक्षित जागी परवानगीशिवाय गाळसुद्धा काढायचा नसतो, त्या गाळात जुन्या वस्तू असतात, त्या कुठल्या थरात सापडल्या याला अर्थ असतो, एकदा उपसून टाकलं की तो पुसला गेला. सिमेंट लावणं, दगड हलवणं, ऑइलपेंटनं नावं रंगवणं, प्रेमापोटी केलेलं असलं तरी नुकसानच. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यानंतर गर्दी वाढलीय आणि टाक्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यापण. कचरा वेचायला, लोकांना थांबवून सांगायला, मोजमाप करून खात्याला कळवायला कुणाची हरकत नसते. जे गट रीतसर परवानगीनं काम करतात त्यांच्यासोबत जा, पहिल्या दिवशी घमेली उचलायला लागली तर उचला.

घर, वेळ, पैसे

घरच्यांना आधी पटवत बसू नका, पटत नाही, करून दाखवल्यावर पटतं. फक्त वेळ स्पष्ट सांगा. मी महिन्यातला एक रविवार आणि रोजचा रात्रीचा पाऊण तास एवढंच मागितलं, आणि त्या पाऊण तासात कुणी चहा मागायचा नाही. बायकांनो, हे तोंडानं सांगावं लागतं, आपोआप कळत नाही कुणाला. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, या वयात कसली टाकी मोजतीस. आता त्याच लोकांना सांगतात आमची सून टाक्यांचं बघते.

पैसे कमवायचा विचार पहिली दोन वर्षं तरी लांब ठेवा. कुणीतरी म्हणतंच, चॅनल काढ, टूर ने, क्लास घे. ज्या दिवशी मी रील करायला गेले त्या दिवशी टाक्यापेक्षा उजेडाकडं जास्त लक्ष होतं माझं. तुमचं क्रियापदच सांगणं, दाखवणं असेल, आमच्या त्या काठीवाल्या गाईडसारखं, तर जरूर चॅनल काढा, त्याचा किल्ला तोच आहे. माझा नाही.

आणि काही जणांचं उलटं होईल, करून बघितलं आणि काहीच वाटलं नाही. असं झालं तर ती आवड तेव्हाच पूर्ण झाली होती असं समजा आणि वहीतलं दुसरं क्रियापद घ्या. कधी कधी आपल्याला खेळ आठवतच नसतो, खेळणारी माणसं आठवत असतात. धाकट्या भावाबरोबर असं झालं, मावळे मांडून बघितले, गोष्ट सुचेना, मग त्या शेजारच्या तीन पोरांना शोधून फोन लावले, रात्री दीड वाजेपर्यंत बोलत होता. तेही चालेल की. त्याला तेच पाहिजे होतं.

या वर्षी करणार असाल तर माती आणि पोतं नवरात्र संपलं की बघून ठेवा, ऐन वेळी मिळत नाही. चिखलाचा थर वसुबारसेच्या चार दिवस आधी झाला पाहिजे, अळीव त्याच संध्याकाळी टाका आणि वरून फवारा मारत राहा, तांब्यानं ओतलं तर सगळे वाहून पायथ्याशी जातात. कारंज्याची नळी मात्र माती टाकायच्या आधी पोटातून घ्या, मी दर वर्षी हेच विसरायचे.